‘मोठ्या सामन्यात ढेपाळतो’: एका तक्त्याची चिकित्सा

आज शोधनिबंध नाही, एक तक्ता वाचायचा आहे. अमेरिकन बास्केटबॉलवर गप्पा सुरू झाल्या की तो हमखास पुढे येतो. चार रकाने असतात: खेळाडूचं नाव, नियमित हंगामातली प्रति सामना गुणांची सरासरी, प्लेऑफमधली सरासरी आणि दोन्हींतला फरक. फरक अधिक असेल तर तो ‘मोठ्या सामन्याचा माणूस’. उणे असेल तर ‘चोकर’, म्हणजे ऐन वेळी ढेपाळणारा. तक्ता नेटका आहे, आकडे खरे आहेत, वजाबाकीही बरोबर आहे. तरीही निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतो. तो का चुकतो हे नीट समजलं, तर तुमच्या पहिल्या संशोधन प्रस्तावातल्या निम्म्या चुका आधीच टळतील असं मला वाटतं.

ज्यांना खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एनबीएमध्ये आज ३० संघ आहेत. प्रत्येक संघ नियमित हंगामात ८२ सामने खेळतो. त्यातले १६ संघ प्लेऑफला जातात. तिथे एकाच प्रतिस्पर्ध्याशी सात सामन्यांची मालिका असते, आधी चार जिंकेल तो पुढे. अशा चार फेऱ्या जिंकल्या की विजेतेपद. हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, म्हणजे एमव्हीपी, फक्त नियमित हंगामावरून ठरतो.

आता डर्क नोवित्स्की घ्या. हा जर्मन खेळाडू २१ हंगाम एकाच संघाकडून खेळला, डॅलस मॅव्हरिक्स. २००६-०७ मध्ये डॅलसने ८२ पैकी ६७ सामने जिंकले आणि नोवित्स्की एमव्हीपी ठरला. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत समोर आला गोल्डन स्टेट वॉरियर्स, ४२ सामने जिंकून कसाबसा आत आलेला, आठव्या क्रमांकाचा संघ. डॅलस २-४ हरलं. सात सामन्यांच्या मालिकेत आठव्याने पहिल्याला घरी पाठवण्याची ती पहिलीच वेळ. नोवित्स्कीची हंगामातली सरासरी २४.६ होती, मालिकेत ती १९.७ झाली. शेवटच्या सामन्यात त्याने १३ फेकी केल्या, दोनच आत गेल्या, एकूण गुण ८. एमव्हीपीचा करंडक हातात पडला तोवर संघ स्पर्धेबाहेर गेला होता. ‘चोकर’ हा शिक्का त्याला कायमचा बसला असं तेव्हा वाटलं.

पण आता त्याच माणसाची पूर्ण कारकीर्द त्याच तक्त्यात भरा. नियमित हंगाम २०.७, प्लेऑफ २५.३. फरक अधिक ४.६! म्हणजे तक्त्याच्याच नियमाने हा मोठ्या सामन्यांचा बादशाह.

एकाच माणसाबद्दल एकच साधन दोन उलट निकाल देत असेल, तर आधी माणसावर नाही, साधनावर संशय घ्यायचा. ही सवय आजच लावून घ्या.

पहिली गडबड: तुलना कोणाची कोणाशी?

नोवित्स्की २१ हंगाम खेळला, पण डॅलस त्यातल्या १५ हंगामांतच प्लेऑफला गेलं. राहिलेले सहा हंगाम कोणते? पहिले दोन, २०१३ चा एक आणि शेवटचे तीन. पहिल्या हंगामात त्याची सरासरी ८.२ होती, शेवटच्या हंगामात ७.३. म्हणजे नवखेपणाचे आणि म्हातारपणाचे आकडे फक्त डावीकडच्या रकान्यात पडले. उजव्या रकान्यात ऐन भरातला नोवित्स्की तेवढा आला. आपण ‘हंगाम विरुद्ध प्लेऑफ’ अशी तुलना करतोय असं वाटतं, पण तिच्यात ‘सगळी वर्षं विरुद्ध चांगली वर्षं’ ही दुसरी तुलना गुपचूप मिसळलेली आहे.

मायकेल जॉर्डनचंही असंच. नियमित ३०.१, प्लेऑफ ३३.४, फरक ३.३. पण जॉर्डन निवृत्तीतून परत येऊन वॉशिंग्टनसाठी जे दोन हंगाम खेळला, त्यांत संघ प्लेऑफला गेलाच नाही. ते वगळून शिकागोचे हंगाम घेतले तर नियमित सरासरी ३१.५ होते आणि फरक १.९ वर येतो. जॉर्डन प्लेऑफमध्ये वर जायचा हे खरंच. पण किती वर, याचा मोठा भाग हिशेबाच्या पद्धतीतून आला होता.

याला आपल्या भाषेत सिलेक्शन बायस म्हणतात. उपाय सोपा आहे: ज्या वर्षीचं प्लेऑफ, त्याच वर्षीच्या हंगामाशी तुलना. तुम्ही उद्या उपचार घेतलेले आणि न घेतलेले रुग्ण तुलनेला घ्याल, किंवा दोन ठिकाणची माती तपासाल, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा की उजव्या रकान्यात कोण पोचू शकलं आणि कोण नाही.

दुसरी गडबड: मोजपट्टी

‘प्रति सामना गुण’ ही मोजपट्टी कौशल्याबरोबर मिनिटंही मोजते. प्लेऑफमध्ये प्रशिक्षक मुख्य खेळाडूला बाकावर बसवायला तयार नसतात. नोवित्स्की नियमित हंगामात सामन्यामागे सुमारे ३४ मिनिटं खेळला, प्लेऑफमध्ये ४० च्या थोडं वर. मिनिटांनी भागून बघा. दोन्हीकडे मिनिटाला साधारण ०.६ गुण. ती ४.६ ची झेप जवळजवळ विरघळून जाते. त्याने अचानक काही वेगळं केलं नाही. तो तितकाच चांगला खेळला, जास्त वेळ आणि जास्त चांगल्या संघांविरुद्ध. खरं तर हीच मोठी गोष्ट आहे, पण तक्त्याला ती दिसत नाही.

उलट्या बाजूचं उदाहरण कार्ल मलोनचं. युटा जॅझचा हा खेळाडू १९९७ चा एमव्हीपी. नियमित २५.०, प्लेऑफ २४.७. तक्ता म्हणतो, काहीच फरक नाही. पण मलोनची मिनिटंही ३७ वरून ४१ वर गेली होती. ३६ मिनिटांमागे हिशेब केला तर गुण सुमारे २४ वरून २२ च्या आत येतात. फेकी आत जाण्याचं प्रमाण ५१.६ टक्क्यांवरून ४६.३ वर उतरतं. म्हणजे नोवित्स्कीच्या बाबतीत तक्त्याने नसलेली वाढ दाखवली, मलोनच्या बाबतीत असलेली घट लपवली. आणि मलोनला पहिली पळवाटही नाही, कारण तो १९ हंगाम खेळला आणि त्याचा संघ १९ ही वेळा प्लेऑफला गेला. चांगली वर्षं, वाईट वर्षं, दोन्ही रकान्यांत सारखीच.

तिसरी गडबड: किती सामने पुरेसे?

२००७ च्या त्या सहा सामन्यांत नोवित्स्कीने साधारण ९५ फेकी केल्या आणि सुमारे ३८ टक्के आत घातल्या. हंगामातलं त्याचं प्रमाण ५० टक्के होतं. आता कागद घ्या. ५० टक्क्यांच्या खेळाडूने ९५ फेकी केल्या तर नुसत्या नशिबाने येणारी स्टँडर्ड एरर किती? ०.५ गुणिले ०.५ भागिले ९५, त्याचं वर्गमूळ: साधारण ५ टक्के. घट १२ टक्क्यांची, म्हणजे सव्वादोन स्टँडर्ड एररच्या आसपास.

इथे बरेच जण उडी मारतात: ‘दोनच्या वर आहे, म्हणजे सिद्ध झालं!’ जरा थांबा. ही मालिका आपण कशी निवडली? दरवर्षी १५ मालिका, प्रत्येकीत दोन-तीन तारे, अशी कित्येक दशकं. त्यातून सगळ्यात गाजलेली पडझड उचलली आणि मग विचारलं की ही दुर्मिळ आहे का. दुर्मिळ होती म्हणूनच तर ती उचलली गेली. हजार नाणी उडवून सलग आठ छापा पडलेलं एक निवडायचं आणि ‘या नाण्यात काहीतरी खोट आहे’ म्हणायचं, तसंच हे. ज्या डेटाने गृहीतक सुचवलं, त्याच डेटावर ते तपासता येत नाही.

लहान सॅम्पल काय करू शकतं हे आपल्याकडेही बघितलंय. एकदिवसीय विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत विराट कोहलीच्या धावा होत्या २०११ ला ९, २०१५ ला १, २०१९ ला १. तीन सामने, बेरीज ११. मग २०२३ ला वानखेडेवर ११७. तीन डावांवर माणसाच्या स्वभावाबद्दल ज्यांनी मत बनवलं होतं त्यांना चौथ्या डावानंतर ते बदलावं लागलं. स्वभाव बदलला म्हणून नाही, तीन डावांत स्वभाव मावतच नाही म्हणून.

मलोनची गोष्ट वेगळी आहे. त्याचे प्लेऑफचे सामने १९३, फेकी तीन हजारांहून जास्त. तिथे स्टँडर्ड एरर एका टक्क्याच्या आत येते आणि घट आहे पाच टक्क्यांची. ही नशिबावर ढकलता येणार नाही. घट खरी आहे.

मग मलोन घाबरत होता का?

तक्त्याचे समर्थक इथे टाळ्या वाजवतील. पण ‘घट आहे’ आणि ‘घट भीतीमुळे आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत आणि पहिल्याचा पुरावा दुसऱ्याला लागू पडत नाही.

प्लेऑफमध्ये दडपणाशिवाय आणखी काय बदलतं ते मोजा. तळाचे १४ संघ गायब होतात. समोरचा संघ दहा-पंधरा दिवस फक्त तुमचाच अभ्यास करतो, तुमची आवडती जागा, आवडती दिशा हेरून बंद करतो. २००७ मध्ये गोल्डन स्टेटचा प्रशिक्षक डॉन नेल्सन होता. हा आधी डॅलसचाच प्रशिक्षक, नोवित्स्कीला संघात आणणारा. त्याच्या खेळाच्या खाचाखोचा त्याच्याइतक्या कोणाला माहीत असणार? आणि हे फक्त प्लेऑफमध्ये घडलं नाही. त्या वर्षीच्या नियमित हंगामातही गोल्डन स्टेटने डॅलसला तिन्ही वेळा हरवलं होतं. म्हणजे डॅलसने बाकीच्यांविरुद्ध ६७-१२ अशी कामगिरी केली आणि या एका संघापुढे ०-३. दडपण नसलेल्या सामन्यांतही तेच घडत होतं!

दडपण आणि प्रतिस्पर्धी हे दोन घटक एकदमच वाढतात, मग त्यांना वेगळं कसं करायचं? खेळातच एक छोटा प्रयोग दडलेला आहे: फ्री थ्रो. फाऊल झाल्यावर ठरलेल्या रेषेवरून मोकळी फेक. समोर कोणी आडवं येत नाही, अंतर तेच, उंची तीच. प्रतिस्पर्ध्याची तयारी इथे कामाला येत नाही. दडपण मात्र असतंच. घट भीतीमुळे असेल तर ती इथे दिसायला हवी.

मलोनचं फ्री थ्रोचं प्रमाण: नियमित हंगामात ७४.२ टक्के, प्लेऑफमध्ये ७३.६. जवळजवळ जागच्या जागी. जिथे कोणी अडवायला आहे तिथे पाच टक्क्यांची घट, जिथे कोणी नाही तिथे अर्ध्या टक्क्याची. नोवित्स्कीचं प्रमाण ८७.९ आणि ८९.२. आणि ती बदनाम २००७ ची मालिका? ५० पैकी ४२. त्याच्या त्या हंगामातल्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने ४५ अपेक्षित. फरक तीन फेकींचा.

आता तुम्ही म्हणाल, १९९७ च्या अंतिम मालिकेतला पहिला सामना विसरलात का? विसरलेलो नाही. गुण ८२-८२, शेवटचे नऊ सेकंद, मलोनला दोन फ्री थ्रो आणि दोन्ही हुकले. लगेच जॉर्डनने शेवटच्या क्षणी बास्केट टाकून शिकागोला जिंकून दिलं. ते दृश्य ज्यांनी पाहिलं त्यांच्यासाठी मलोनचा निकाल तिथेच लागला. पण आठवण आणि डेटा यांच्यातला फरक तो हाच. हुकलेले ते दोन सगळ्यांना आठवतात, प्लेऑफमध्ये आत गेलेले हजारहून जास्त कोणालाच आठवत नाहीत.

माझ्या या युक्तिवादालाही भोक आहे, ते तुम्हीच शोधायला हवं होतं. प्लेऑफचे सगळे फ्री थ्रो सारख्या दडपणाचे नसतात. पहिल्या पाच मिनिटांतला आणि शेवटच्या नऊ सेकंदांतला एकाच सरासरीत टाकणं ही तक्त्याचीच चूक मी पुन्हा करतोय. फक्त शेवटच्या मिनिटातले वेगळे काढले पाहिजेत. पण मग सॅम्पल पुन्हा लहान होतं. प्रश्न नेमका करावा तर डेटा आटतो, डेटा वाढवावा तर प्रश्न पातळ होतो. संशोधनात ही ओढाताण कायम सोबत असते, तिची आत्तापासून ओळख असू द्या.

सर्वोत्तम वर्षानंतरची उतरण

आणखी एक गोष्ट लोक सहज विसरतात. एमव्हीपी हा त्या वर्षी सगळ्यांपेक्षा वर असलेला खेळाडू. वर असण्यात कौशल्य असतंच, पण थोडं नशीबही असतं: दुखापत नाही, फेकी बसतायत, सहकारी फॉर्मात. पुढच्या मोजमापात कौशल्य राहतं, नशीब राहीलच असं नाही. म्हणून कळसावर असताना निवडलेला माणूस पुढच्या वेळी थोडा खाली दिसणं हे अपेक्षितच. याला रिग्रेशन टू द मीन म्हणतात आणि त्याला मानसशास्त्राची गरज नसते.

स्टीफन करीचं २०१५-१६ बघा. सरासरी ३०.१, हंगामात ४०२ तीन-गुणी बास्केट (आधीचा विक्रम त्याचाच, २८६), पूर्ण एकमताने एमव्हीपी. संघाने ७३ जिंकले, ९ हरले. प्लेऑफमध्ये सरासरी २५.१, अंतिम मालिकेत २२.६. संघ ३-१ ने पुढे असून ३-४ ने हरला. लोकांनी ‘ढेपाळला’ म्हटलं. पहिल्याच फेरीत त्याचा गुडघा दुखावला होता हे तक्त्यात कुठे लिहायचं? शिवाय अंतिम मालिकेच्या सहा सामन्यांनंतर दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज ६१०-६१० होती. अगदी बरोबरी! सातवा सामना ९३-८९. चार गुणांनी एका बाजूला इतिहास लिहिला गेला आणि दुसऱ्या बाजूला शिक्का बसला.

मग असा गुण नसतोच का?

इथे घाई करू नका. बेसबॉलमध्ये हा वाद जुना आहे. १९७७ मध्ये रिचर्ड क्रेमर यांनी तपासलं की एका वर्षी मोक्याच्या क्षणी चमकणारे फलंदाज पुढच्या वर्षीही तसेच चमकतात का. सातत्य दिसलं नाही. त्यावरून वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की असं कौशल्य अस्तित्वातच नाही. पण अडीच दशकांहून जास्त काळानंतर बिल जेम्स यांनी, ज्यांनी बेसबॉलच्या आकडेशास्त्राला नाव मिळवून दिलं त्यांनीच, ‘धुक्याला कमी लेखणं’ अशा आशयाच्या लेखात मुद्दा मांडला की डेटात गोंगाट इतका असेल तर खरं कौशल्य असूनही सातत्य दिसणार नाही. धुक्यात पहारेकऱ्याला कोणी दिसलं नाही, याचा अर्थ कोणी नव्हतं असा होत नाही.

म्हणून माझा निष्कर्ष मर्यादित आहे. ‘मोठ्या सामन्याचं धैर्य’ असा गुण नसतो असं मी म्हणत नाही. सरासऱ्यांची वजाबाकी तो मोजू शकत नाही, इतकंच म्हणतोय. मलोनचा खेळ प्लेऑफमध्ये अडवता यायचा, हे म्हणायला आधार आहे. तो भित्रा होता, हे म्हणायला नाही.

शेवटी २०११ मध्ये काय झालं तेही बघा. डॅलसने मायामीला ४-२ ने हरवून विजेतेपद मिळवलं. नोवित्स्की २६ च्या सरासरीने अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू. शिक्का पुसला गेला. पण त्या निर्णायक सहाव्या सामन्याच्या पूर्वार्धात त्याने १२ फेकी केल्या आणि एकच आत गेली! त्या दिवशी जेसन टेरीने २७ गुण करून संघ सावरला आणि उत्तरार्धात नोवित्स्कीलाही सूर सापडला. टेरीचाही दिवस वाईट असता आणि संघ तिथून पुढे ती मालिका हरला असता, तर आज आपण १३ पैकी २ च्या शेजारी १२ पैकी १ लिहिलं असतं आणि म्हटलं असतं, ‘बघा, हा पहिल्यापासून असाच.’

तुम्हाला हे सांगायचं कारण फक्त बास्केटबॉल नाही. एम.एस्सी.ची दोन वर्षं वर्गात पुढे असलेली मुलगी नेटच्या तीन तासांत मागे पडते, आणि खोलीतले सगळे, बऱ्याचदा ती स्वतःही, म्हणतात की तिला प्रेशर झेपत नाही. पीएच.डी.च्या वीस मिनिटांच्या मुलाखतीवरून माणसाची कुवत ठरते. एक मोजमाप, वेगळी मोजपट्टी, वेगळा प्रतिस्पर्धी, आणि निष्कर्ष थेट स्वभावावर. असा निष्कर्ष समोरच्याबद्दल काढण्याआधी आणि त्याहून जास्त स्वतःबद्दल काढण्याआधी विचारा: माझ्याकडे किती फेकींचा हिशेब आहे?

जाता जाता गृहपाठ. तुमच्या आवडीचा एक खेळाडू घ्या, कुठल्याही खेळातला. डेटा उघडण्याआधी कागदावर चार ओळी लिहा: कोणती वर्षं घेणार, कशाने भागणार, प्रतिस्पर्ध्याचा परिणाम वेगळा कसा काढणार, आणि कोणता आकडा आला तर मी माझं मत सोडेन. चौथी ओळ लिहिता आली नाही, तर तुमच्याकडे अजून संशोधनाचा प्रश्न नाही, फक्त आवडता खेळाडू आहे. त्या चार ओळी कमेंटमध्ये टाका, पुढच्या वेळी त्यातल्याच एकीवर बोलू.